फ्रँक ग्राइम्सचं नेमकं चुकलं कुठे? ('द सिम्पसन्स', सीझन ८)

खारी_बिस्कीट (धागाकर्ती)

टीव्हीच्या गप्पांच्या धाग्यावर 'द सिम्पसन्स'चा विषय निघाला आणि एका भागावरून बरीच जुंपली. तिथली गर्दी कमी व्हावी म्हणून हा वेगळा धागा. भागाचं नाव 'होमर्स एनिमी', आठव्या सीझनमधला २३वा. अमेरिकेत फॉक्सवर ४ मे १९९७ ला लागला. लेखन जॉन स्वार्ट्झवेल्डर, दिग्दर्शन जिम रीअर्डन. शेवटासकट सगळं फोडते आहे. ज्यांना कोऱ्या मनाने बघायचाय त्यांनी आधी बघून यावं.

मालिका माहीत नसेल तर एवढं पुरे: स्प्रिंगफील्ड नावाचं गाव, तिथला अणुवीज प्रकल्प, त्याचे म्हातारे खत्रूड मालक मिस्टर बर्न्स, आणि त्या प्रकल्पात चक्क सुरक्षा निरीक्षक असलेला होमर सिम्पसन. आळशी, खादाड, डोक्याने यथातथा, पण मनाने वाईट नाही. बायको मार्ज, मुलं बार्ट, लिसा, मॅगी. कार्टून असलं तरी हे पोराटोरांसाठी नाही.

या भागात प्रकल्पावर नवा माणूस येतो, फ्रँक ग्राइम्स. त्याची कहाणी आपल्याला टीव्हीवरच्या बातम्यांत कळते. चौथ्या वर्षी आईबापांनी टाकलेलं. शाळा नाही, बालपण गेलं सुखवस्तू मुलांच्या घरी खेळणी पोचवण्यात. अठराव्या वाढदिवशी स्फोटात सापडला, मग ऐकू येणं आणि वेदना जाणवणं या दोन्ही गोष्टी पुन्हा शिकला. मिळेल त्या फावल्या वेळात टपालाने अभ्यास करून अणुभौतिकीची पदविका मिळवली. बर्न्सना हे बघून गहिवरून येतं: असा माणूस मला हवा, थेट कार्यकारी उपाध्यक्ष करा! दुसऱ्या दिवशी त्याला हजर करेपर्यंत साहेबांनी टीव्हीवर एका शूर कुत्र्याची बातमी पाहिलेली असते. उपाध्यक्षपद कुत्र्याला जातं. ग्राइम्सला कुठेतरी कोपऱ्यात टाका म्हणतात, आणि तो कोपरा म्हणजे होमरचा विभाग.

होमर त्याचं पथ्याचं जेवण खातो, पेन्सिली चावतो, लाडाने 'ग्राइमी' म्हणतो. रेडिएशनचा सूट घालून खुंटीला लटकून झोपतो. एकदा तर पेय समजून सल्फ्युरिक आम्लाचं भांडं तोंडाला लावणार, तेवढ्यात ग्राइम्स ते हातावर फटका मारून उडवतो. आम्ल भिंतीवर सांडतं. बर्न्स येतात, भिंत बघतात, आणि ग्राइम्सचा पगार कापतात.

पुढे दिलजमाईसाठी होमर त्याला घरी जेवायला बोलावतो. तिथे ग्राइम्सला दिसतं ऐसपैस घर, दोन गाड्या, सुंदर बायको, हुशार मुलगी, ताटात लॉबस्टर. भिंतीवर फोटो: होमर अंतराळात, होमर माजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्यासोबत, कपाटात ग्रॅमी. ग्राइम्स राहतो कुठे, तर एका बोलिंग अ‍ॅलीच्या वर आणि दुसऱ्या बोलिंग अ‍ॅलीच्या खाली, एका खोलीत. आयुष्यभर राबून माझ्याकडे काय, तर ही ब्रीफकेस आणि हा केशकट, असं तो ओरडतो.

मग सूड. होमरला उघडं पाडायला तो त्याला फसवून अणुप्रकल्पाचा आराखडा करण्याच्या स्पर्धेत उतरवतो. स्पर्धा असते लहान मुलांची. होमर आहे तोच प्रकल्प बनवतो, वर पंख आणि गाडीवर असतो तसा एक पट्टा लावतो, आणि जिंकतो. लोक टाळ्या पिटतात. ग्राइम्सचं डोकं फिरतं. मीही होमरच आता, मला हातमोजे कशाला हवेत, असं म्हणत तो उच्च दाबाच्या तारांना हात लावतो आणि मरतो. दफनविधीत होमर झोपलेला. झोपेतच पुटपुटतो, 'मार्ज, चॅनल बदल.' सगळे खो खो हसतात, आणि मागे शवपेटी खड्ड्यात उतरत असते.

माझं मत: ग्राइम्सचं एकही विधान चुकीचं नाही. पूर्ण भागात खरं बोलणारा तो एकटा आहे, आणि आपण प्रेक्षक त्याच्या मरणावर हसतो. त्याच्यावर हसताना आपण कोणाच्या बाजूला उभे असतो, यावर इथे बोलू या.

पाटावरची_शेंग

'आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं' ही म्हण अमेरिकेत कुणी इतकी मनावर घेतली असेल असं वाटलं नव्हतं. हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

खडूस_नं_१

कार्टूनवर एवढी मोठी पोस्ट! असो, भाग पाहिलाय. मला आवडला नाही. विनोदी मालिकेत एक बिचारा माणूस मारायचा आणि त्याच्या मयताला दात काढायचे, याला धाडस म्हणत नाहीत. धाग्यात जे लिहिलंय ते वाचूनच अंगावर येतंय.

टूनवेडा

खडूसराव, तुम्ही एकटे नाही. तेव्हा अमेरिकेतल्या बऱ्याच चाहत्यांनाही हा भाग फार काळा वाटला होता आणि शिव्या पडल्या होत्या. आज तोच मालिकेतल्या सर्वोत्तम भागांच्या याद्यांत हमखास असतो. काळाबरोबर प्रेक्षक बदलला म्हणा हवं तर.

थोडी कारागिरीची बाजू सांगतो. त्या वेळी मालिकेची सूत्रं बिल ओकली आणि जॉश वाइनस्टीन या जोडीकडे होती. डाव साधा होता: सिम्पसन्सच्या जगात एक खऱ्या जगातला माणूस सोडून द्यायचा आणि काय होतं ते बघायचं. म्हणून ग्राइम्स दिसायलाही वेगळा आहे. बारीक कापलेले केस, चष्मा, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, टाय. 'फॉलिंग डाउन' सिनेमातला मायकल डग्लस डोळ्यांसमोर ठेवून त्याचं रूप बेतलं. आवाज हँक अझारियाचा, आणि त्याने तो विल्यम एच. मेसीच्या धर्तीवर काढला. तो आवाज नीट ऐका. कार्टूनचा आवाजच नाही तो. दबलेला, सभ्य, कधीही फुटेल असा. बाकी सगळे गमतीदार आवाजात बोलत असताना हा एकटा माणसासारखा बोलतो, आणि म्हणून तो वेडा वाटायला लागतो.

दुसरं म्हणजे ते फोटो. अंतराळातला होमर १९९४ च्या भागातला, ग्रॅमी १९९३ च्या, फोर्डसाहेब १९९६ चे. स्मॅशिंग पम्पकिन्स या बँडसोबतचा दौराही १९९६ चाच. प्रत्येक भाग संपला की मालिकेत सगळं पुसलं जातं आणि पुढच्या आठवड्यात होमर पुन्हा सोफ्यावर. ग्राइम्स हा पहिला माणूस जो ते सगळं एकत्र मांडून बघतो. आठ सीझनची पापं आणि बक्षिसं एका भिंतीवर! कुणाचंही डोकं फिरेल.

जर्सीकर

अंतराळाचा फोटो पाहून ग्राइम्स विचारतो, तुम्ही अंतराळात गेला होतात? होमर म्हणतो, हो, तुम्ही नाही गेलात कधी? माझा सर्वात आवडता क्षण. होमर टोमणा मारत नसतो, त्याला खरंच आश्चर्य वाटलेलं असतं.

इथे अमेरिकेत राहणाऱ्याला या भागातलं आणखी एक वाक्य टोचतं. ग्राइम्स होमरला सांगतो की अमेरिकेत जे बिघडलंय ते तूच आहेस. दुसऱ्या कुठल्याही देशात असतास तर केव्हाच उपाशी मेला असतास. आणि बार्ट मान डोलावतो, बाबा, यांनी बरोबर पकडलं तुम्हाला. कष्ट केले की वर जाता येतं ही इथली श्रद्धा. ग्राइम्सने ती अक्षरशः पाळली. होमरला ती ठाऊकही नाही. फळ कुणाला मिळालं ते वर आलंच आहे.

आज तर हे जास्तच बोचतं. १९९६ च्या एका भागात होमरच्या पगाराचा चेक दिसतो, आठवड्याला साधारण ४८० डॉलर. एकाच्या पगारात दुमजली घर, दोन गाड्या, तीन पोरं. आमच्या भागात आता दोघं कमावतात तरी घराचा हप्ता भरताना तोंडाला फेस येतो. १९९७ ला होमर हा विनोद होता, आता तो कुबेर वाटतो. नव्या पिढीला ग्राइम्स जवळचा वाटतो त्याचं अर्धं कारण हेच असावं.

निवृत्त_ऑडिटर

मी बँकेत आयुष्य काढलं, म्हणून माझी नजर आम्लाच्या प्रसंगावर अडते. होमर सोडून देऊ. तो मूर्ख आहे आणि मूर्ख माणूस सगळ्या कचेऱ्यांत असतो. पण साहेब काय बघतात? त्यांना भिंत दिसते, माणूस वाचला हे दिसत नाही. नुकसान ज्याच्या हातून झालं त्याचं नाव लिहून घ्यायचं, नुकसान का झालं हे विचारायचं नाही. आमच्याकडे एका शाखेत आग लागली तेव्हा वाचवायला धावलेल्याला पुढे फुटलेल्या काचेचा खुलासा लिहून द्यावा लागला होता. कुठली शाखा ते विचारू नका.

ग्राइम्सचं चुकलं ते इथे. इतका कागदाला कागद लावणारा माणूस, पण एकही तक्रार लेखी करत नाही. लेनी आणि कार्ल या सहकाऱ्यांपाशी बोलून काय उपयोग? ते म्हणतात, होमरने जेवताना तीन बीअर घेतल्या होत्या, झोप कुणालाही येईल!

पाटावरची_शेंग

ऑडिटर काकू, तक्रार करायची कुणाकडे? उपाध्यक्ष कुत्रा आहे.

निवृत्त_ऑडिटर

ते खरं. पण पोच तरी घ्यायची.

दुसरा_कप

धागाकर्तीशी असहमत. ग्राइम्सला होमरबद्दल जे दिसतं ते खरं आहे, पण अर्धं आहे.

ते घर. १९९२ च्या 'लिसाज फर्स्ट वर्ड' भागात कळतं की ते घेता आलं ते होमरच्या वडिलांनी आपलं घर विकून पैसे दिले म्हणून. (म्हाताऱ्याला ते घर टीव्हीवरच्या एका गफलतीच्या प्रश्नमंजूषेत मिळालं होतं, तो भाग वेगळा.) आणि त्या बदल्यात म्हाताऱ्याची रवानगी कुठे झाली? वृद्धाश्रमात. ग्राइम्सला महाल दिसतो, त्यामागचा आबा सिम्पसन दिसत नाही.

ती नोकरी. पहिल्याच सीझनमध्ये होमरची नोकरी जाते, तो गावभर सुरक्षेसाठी आंदोलन करतो, आणि त्याचं तोंड बंद करायला बर्न्स त्याला सुरक्षा निरीक्षक करतात. म्हणजे पद मिळालं तेच मुळी गप्प बसण्याचं. आणि १९९५ चा 'अँड मॅगी मेक्स थ्री' आठवा. होमर कर्ज फेडून नोकरी सोडतो, बोलिंग अ‍ॅलीत मनासारखं काम करतो, खुश असतो. मग मॅगीची चाहूल लागते, तिथला पगार पुरत नाही, आणि त्याला बर्न्सच्या दारात परत यावं लागतं. बर्न्स त्याच्या टेबलासमोर पाटी लावतात: विसरू नकोस, तू इथे कायमचा आहेस. होमर त्यावर मॅगीचे फोटो असे चिकटवतो की उरलेल्या अक्षरांतून वाचता येतं, हे तिच्यासाठी कर.

त्याच विभागात ग्राइम्स बसत होता. ती पाटी त्याने पाहिली असती तर? बोलिंग अ‍ॅलीचा योगायोगही बघा. होमरला जिथे राहायचं होतं, त्या जागेला ग्राइम्स आपली शिक्षा समजतो.

खारी_बिस्कीट (धागाकर्ती)

बोलिंग अ‍ॅलीचं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मस्त. पण दुसरा_कप, मॅगीच्या फोटोंमुळे आम्ल पिणाऱ्याच्या हातात अणुभट्टी देणं योग्य ठरतं का? तुमचा मुद्दा होमर माणूस म्हणून कसा आहे याचा आहे. ग्राइम्स विचारतोय तो त्या खुर्चीत का आहे. कंट्रोल पॅनेलवर धोक्याचा इशारा वाजला की हा त्यावर बादलीभर पाणी ओततो हो!

दुसरा_कप

खुर्चीबद्दल वाद नाहीच. पण ग्राइम्सचा राग खुर्चीवर थांबत नाही. जेवायला बोलावलेल्या घरात, बायकोमुलांदेखत तो माणसाच्या सगळ्या आयुष्याचा हिशेब काढतो. लग्नाच्या पंगतीत कुणी वही काढून कोणी किती आहेर केला ते मोठ्याने वाचावं, तसं. वाचलेलं खरं असतं, पण त्याला पुन्हा कोण बोलावणार?

खडूस_नं_१

म्हणजे गरिबाने खरं बोलायचं ते वेळ बघून. छान.

दुसरा_कप

गरिबीचा प्रश्न नाही, खडूसराव. होमर त्याच्यावर एकदाही डूख धरत नाही. उलट मो नावाच्या माणसाच्या बारमध्ये जाऊन रडगाणं गातो की मला एक शत्रू झाला, मला! मार्जच्या सांगण्यावरून नीट वागायचा प्रयत्नही करतो. त्याला जमत नाही, ती गोष्ट निराळी.

टूनवेडा

मोच्या बारचा प्रसंग निघालाच आहे तर. मो म्हणतो माझेही शत्रू आहेत, ही बघ यादी. होमरचा दारूडा मित्र बार्नी वाचतो: जेन फोंडा, डॅनियल शॉर... अरे ही तर राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सनची शत्रूंची यादी, त्याचं नाव खोडून तू तुझं टाकलंस! मो यादी हिसकावतो आणि बार्नीचं नाव लिहायला घेतो. यातला डॅनियल शॉर खरा पत्रकार. १९७३ मध्ये वॉटरगेटची चौकशी चालू असताना हाती आलेली ती यादी तो टीव्हीवर थेट वाचत होता आणि वाचता वाचता त्याचं स्वतःचंच नाव आलं. पात्राच्या तोंडी अर्ध्या ओळीत एवढा इतिहास टाकून पुढे जायचं, ही स्वार्ट्झवेल्डरची खासियत. त्याने मालिकेचे ५९ भाग लिहिलेत, बाकी कुणाही लेखकापेक्षा जास्त.

आणि त्याचं स्वतःचं मत ऐकाल तर धागाकर्ती नाराज होतील. हा माणूस मुलाखती जवळपास देतच नाही, पण २०२१ मध्ये 'न्यूयॉर्कर'ला दिली. त्यात ग्राइम्सबद्दल त्याचा सूर असा होता की त्याला आपला होमर पटत नव्हता, त्याने ओढवून घेतलं आणि त्याला मिळालं.

खारी_बिस्कीट (धागाकर्ती)

लेखक काहीही म्हणो. लिहून झाल्यावर पात्र त्याच्या एकट्याचं राहत नाही. शिवाय दफनाच्या वेळी कॅमेरा शवपेटीवर नेऊन संपवलंय ते उगाच नाही. नुसती फजितीच करायची असती तर स्पर्धेच्या निकालावर भाग संपवता आला असता.

मुळामुठा

हँक अझारियाचं नाव आलं म्हणून अवांतर: अपूचा, म्हणजे मालिकेतल्या भारतीय दुकानदाराचा आवाजही त्याचाच ना? अपूच्या चित्रणावर टीका करणारा हरी कोंडाबोलूचा माहितीपट आला २०१७ ला, आणि २०२० मध्ये अझारियाने अपू करणं सोडलं. एकाच माणसाने मालिकेतला सर्वात खरा आवाजही काढला आणि सर्वात वादग्रस्तही.

खारी_बिस्कीट (धागाकर्ती)

मुळामुठा, त्यावर वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा. इथे सुरू झालं तर ग्राइम्स बाजूला पडेल. तसाही बिचारा बाजूलाच पडलेला असतो.

पाटावरची_शेंग

बार्टच्या कारखान्याबद्दल कुणी बोलतच नाही! लिलावात एका डॉलरला पडका कारखाना घेतो पोरगा. मित्र मिलहाउसला नोकरीवर ठेवतो. रात्री मिलहाउस पहाऱ्यावर असताना कारखाना कोसळतो. बार्ट विचारतो, तू पहारा देत होतास ना? तो म्हणतो, देत होतो की, सगळं पाहिलं, आधी पडायला लागला, मग पडला. मी हे वाक्य घरी रोज वापरते. दूध उतू गेल्यावर नवरा हेच सांगतो.

निवृत्त_ऑडिटर

ते उपकथानक भरतीचं वाटतं, पण नाही. ग्राइम्स जेव्हा घरात मोजदाद करतो तेव्हा म्हणतो, मुलगा कारखान्याचा मालक! जो माणूस दिवसा प्रकल्पात आणि रात्री फाउंड्रीत राबतो, त्याला कळतं की दहा वर्षांच्या पोराकडे एका डॉलरचा कारखाना आहे.

जर्सीकर

ग्राइम्सचा मुलगा पुढे येतो ते सांगायचं राहिलं. डिसेंबर २००२ मधला 'द ग्रेट लाउस डिटेक्टिव्ह'. कुणीतरी होमरच्या जिवावर उठलेलं असतं, आणि तो निघतो फ्रँक ग्राइम्स ज्युनियर. होमर म्हणतो, ग्राइम्सचं तर लग्नच झालं नव्हतं! त्यावर मुलगा चिडून बापाच्या सवयींबद्दल जे सांगतो ते इथे लिहीत नाही, काकू वाचतायत.

निवृत्त_ऑडिटर

काकूंनी तो भाग पाहिलाय. स्टार वर्ल्डवर लागायचं तेव्हापासून बघते मी.

मुळामुठा

काकू रॉक्स.

खडूस_नं_१

तो मुलगा आणायची काही गरज नव्हती. मारलंत ना एकदा, मग त्याच्या नावावर पुन्हा विनोद कशाला?

खारी_बिस्कीट (धागाकर्ती)

यावर खडूसरावांशी +१. नोंद व्हावी.

निवृत्त_ऑडिटर

जाता जाता मला एका वेगळ्याच माणसाची बाजू मांडायची आहे. मार्टिन प्रिन्स. शाळेतला हुशार, सगळ्यांच्या टिंगलीचा धनी. त्या स्पर्धेत त्याने केलेली प्रतिकृती खरोखर वीज तयार करत असते, सभागृहातले दिवे त्यावर चालू असतात. बर्न्स म्हणतात, फार थंड, फार निर्जीव, यात जीव कुठाय? आणि त्याला हाकलून लावतात. बक्षीस पंख चिकटवणाऱ्या होमरला. ही मुलांची स्पर्धा होती असं ग्राइम्स कळवळून ओरडतो, तेव्हा लेनी कौतुकाने सांगतो की होमरने त्या पोरांचा धुव्वा उडवला.

आता सांगा, होमरला त्या स्पर्धेत कुणी घुसवलं? ग्राइम्सने. गुणाला किंमत मिळावी म्हणून जो भागभर आकांत करतो, त्याने स्वतःचा सूड साधायला लहान मुलांची स्पर्धा वापरली. मार्टिनकडे वळून एकदाही बघितलं नाही. गाव होमरवर खुश, हा होमरवर जळतोय, आणि सभागृहात दिवा लावणारं पोर कुणाच्याच खिजगणतीत नाही. धागाकर्तीने विचारलंय की ग्राइम्सचं चुकलं कुठे. माझं उत्तर हे.

दुसरा_कप

काकू, तुम्ही दोन्ही बाजूंची विकेट काढलीत. मी तर मार्टिनच्या प्रसंगावर दर वेळी हसतो.

खारी_बिस्कीट (धागाकर्ती)

मान्य, पण पूर्ण नाही. मार्टिनला हाकलतात बर्न्स. होमर स्पर्धेत नसता तरी 'जीव कुठाय' हे वाक्य त्याला ऐकावं लागलंच असतं, आणि बक्षीस दुसऱ्या कुणाला गेलं असतं. ज्या साहेबाने कुत्र्याला उपाध्यक्ष केलं त्याच्याकडून निकाल नीट लागेल ही अपेक्षा मात्र ग्राइम्सने कशी काय ठेवली, हे मला अजून कळलेलं नाही. रविवारी पुन्हा बघते आणि लिहिते.

खडूस_नं_१

रविवारी मीही बघतो. आवडणार नाहीच.